उरलेल्या पाण्यावरची बाग

रविवारी माझ्या पावाच्या खिडकीशी सायकली येऊन थांबतात. भाड्याच्या सायकली, पुढं टोपली लावलेल्या, आणि त्यांच्यावर उन्हानं लाल झालेली शहरातली माणसं. या वाइनरीतून त्या वाइनरीत घोट घेत हिंडत असतात. माझ्याकडे गरम तोर्तिता, म्हणजे चरबीतले चपटे छोटे पाव, घेतात, बोटांना लागलेली चरबी चाटतात आणि हमखास विचारतात, "इथं ती बघण्यासारखी बाग कुठंय?" मी हातातल्या चिमट्यानंच वरची बाजू दाखवते. वर दार्दो झानेत्तीची वाइनरी आहे. तिच्या दारात पांढरी खडी, लव्हेंडरच्या रांगा, कमी पाण्यावर जगणारी काटेरी झुडपं आणि सिमेंटची बाकं आहेत. फोटो छान येतात म्हणे.

गेल्या सुगीत मात्र एक बाई तिकडून परत आली ती मान हलवतच. "ही नव्हे हो. माझ्या लग्नात आम्ही फोटो काढायला आलो होतो. भली मोठी तुती होती, तिच्याखाली टेबल मांडलेलं. आणि एक बाई होती, तिनं मला नवरीच्या पोशाखात बादली उचलायला लावली."

"ती खाली, गल्लीच्या टोकाला," मी म्हणाले. "ती बाग आता नाही."

"अरेरे. वारल्या का त्या?"

"बाई आहे. बाग वारली."

ती कसनुसं हसली. तिला वाटलं मी थट्टा केली. थट्टा करायला माझ्याकडे दुसरे विषय पुष्कळ आहेत.

ती बादलीवाली बाई म्हणजे एदेलमिरा झानेत्ती, माझी शेजारीण. आमच्या गल्लीचं नावच झानेत्ती गल्ली. तिच्या आजोबांनी इटलीहून येऊन हा माळ फोडला आणि द्राक्षाच्या वेली लावल्या. एदेलमिरा बोलायला फटकळ, चालायला भरभर, आणि डोक्यात कायम एकच गोष्ट. तिचा नवरा रोखेलियो भला माणूस होता. तो गेला त्या दिवशी स्मशानातून परत आल्यावर शेजारणी सूप घेऊन दारात उभ्या, तर ही काळ्या कपड्यांतच फावडं खांद्यावर टाकून मागच्या दारानं निघाली. बायकांनी तोंडात बोटं घातली.

"आज पाळी आहे," एदेलमिरा म्हणाली. "रोखेलियोला थांबता येतं. पाण्याला येत नाही."

लोकांनी ते वर्षभर चघळलं. मला मात्र तिची बाजू कळत होती. आमच्याकडे पाऊस म्हणजे दोन-चार सरी, आणि त्याही गारा घेऊन येतात. जे काही हिरवं दिसतं, रस्त्याकडेच्या झाडांपासून शाळेतल्या हिरवळीपर्यंत, ते डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटातून आणून जगवलेलं. पाटकरी तुमच्या पाळीला दार उघडतो, वेळ झाली की बंद करतो. त्या वेळात तुम्ही प्रेतयात्रेत होता की बाळंत होत होता, याच्याशी पाटाला काही घेणंदेणं नाही.

मूलबाळ तिला झालं नाही. लोक हे लगेच सांगतात आणि बाग हेच तिचं मूल होतं वगैरे म्हणतात. मला ते पटत नाही. पोटच्या पोराला कुणी इतकं बोलत नाही. "तुझे हे नखरे कुणासाठी?" असं ती गुलाबाला विचारायची. जर्दाळूला सांगायची, "फळ धरायचं नसेल तर जागा खाली कर, रांगेत दुसरे उभे आहेत." नरम बोलायची ती फक्त तुतीशी. ती तुती तिच्या आईनं एदेलमिरा जन्मली त्या आठवड्यात लावलेली. दोघींचं वय एकच, आणि गमतीनं ती तिला 'माझी थोरली' म्हणायची, कारण तुतीला आधी लावलं होतं का पाळण्यात आधी एदेलमिराला घातलं होतं, हे आईलाही आठवत नव्हतं.

बाग मोठी नव्हती, पण आत गेलं की बाहेरचं ऊन विसरायला व्हायचं. जाईचा मांडव, डाळिंबं, अंजिरं, भिंतीला गुलाब, आणि मधोमध ती तुती, जिच्याखाली अख्खी वरात जेवायला बसेल. सुगीच्या उत्सवात निवडलेल्या सौंदर्यराण्या पट्टे लावून फोटो काढायला यायच्या, नवरानवरी यायचे, रविवारी बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं दुपारची झोप काढायला यायची. एदेलमिरा कुणाला तिकीट लावत नसे. नियम एकच. दारात बादल्या ठेवलेल्या असायच्या. आत जाणाऱ्यानं पाटातून एक बादली भरायची आणि जिथवर पाट पोचत नाही अशा एखाद्या कुंडीला घालायची. महापौर आले तरी त्यांच्या हातात बादली.

"फुकट सावली कुणाला मिळत नाही," ती म्हणायची. "झाडं काय तुमच्या बापाची चाकर आहेत?"

आता ज्या गोष्टीनं सगळं बुडालं ती सांगते. म्हाताऱ्या झानेत्तीच्या, म्हणजे एदेलमिराच्या वडिलांच्या, माघारी वाटण्या झाल्या. भावंडं दोनच, थोरला फाउस्तो आणि एदेलमिरा. फाउस्तोनं मळा कसला होता, मळा त्याला. एदेलमिरानं खालच्या कोपऱ्यातलं घर आणि आईची बाग मागितली. वकील जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता आणि माझे वडील साक्षीला होते, म्हणून मला हे शब्दन्शब्द ठाऊक आहे.

वकील म्हणाला, "बाई, या कोपऱ्याला पाण्याचा हक्क नाही. सगळा हक्क मळ्याच्या जमिनीवर आहे. त्यातला थोडा तोडून इकडे लावून घेऊ या. आत्ता होईल, नंतर जड जाईल."

फाउस्तोही म्हणाला, "घे की. मी कुठं नाही म्हणतोय."

एदेलमिरा हसली. "मळा वर, मी खाली. मळा भिजला की उरलेलं पाणी जाणार कुठं? वर चढणार आहे का? भावाच्या वेलींचं पाणी तोडून गुलाबाला घातलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

टेबलावरचे सगळे हसले, माझे वडीलसुद्धा. आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. वरच्यानं मळा तुडुंब भरायचा आणि उरलेलं पाणी कुंपणाखालून खालच्याला जायचं, हे आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. त्याला कुणी हक्क म्हणत नव्हतं, उपकारही म्हणत नव्हतं. वकिलानं खांदे उडवले आणि सही कुठं करायची ते दाखवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती बरोबर ठरली. पाळीच्या दिवशी वरचा मळा भिजायचा आणि दुपार कलता कलता तिच्या कुंपणाखालून पाणी यायचं. आधी काडीकचरा आणि फेस, मग गढूळ, मग नितळ. ती प्रत्येक आळ्याचं तोंड फावड्यानं उघडायची, भरलं की बुजवायची आणि पुढच्याकडे जायची. आधी गुलाब, मग जाई, मग डाळिंबं, अंजिरं, जर्दाळू आणि सगळ्यांत शेवटी तुती, कारण तुतीला ती पोटभर द्यायची.

मग फाउस्तो गेला आणि मळा त्याच्या मुलाकडे, दार्दोकडे आला. दार्दोला मी लहानपणापासून पाहिलाय. शेतीचं शिक्षण घेतलेला, कष्टाळू, आत्याला पाहिलं की सायकलवरून उतरणारा मुलगा. त्याच्या हातात मळा आला तेव्हा डोंगरावरचा बर्फ उतरणीला लागला होता. पाटात पाणी कमी, पाळ्या लांबलेल्या, वेळ आखडलेला. त्यानं शहाण्या माणसानं करावं तेच केलं. वरच्या टोकाला प्लास्टिक अंथरून तळं खणलं, पंप बसवला, वेलींच्या रांगांतून काळ्या नळ्या टाकल्या. ठिबक. पाहुणे बोलावले, बोकड भाजला, पाद्र्यानं पंपावर पवित्र पाणी शिंपडलं. एदेलमिरा अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या घेऊन गेली होती.

"बघ सुलेमा," ती मला कोपर मारून म्हणाली, "चिखल नाही, बूट भरायला नको. माझ्या भाच्याचं डोकं बघ." आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या.

वसंतातली पहिली पाळी आली. मी दुपारी भट्टी विझवून अंगणात येर्बाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन बसले होते, तर ही कुंपणाशी फावडं टेकून उभी. ऊन मी म्हणत होतं.

"सुले, तुझ्या बाजूनं पाट तुंबलाय का बघ गं."

मी जाऊन पाहिलं. पाट मोकळा होता, पण कोरडा. तळाला पानं पडली होती. "तुंबला नाही," मी म्हणाले.

"मग तो सेफेरिनो झोपला असेल."

सेफेरिनो आमचा पाटकरी. नाव घेतलं आणि तो त्याच्या खटारा मोटारसायकलवर आलाच. एदेलमिरा त्याच्यावर धावून गेली.

"दार उघडलंस का घोरत पडला होतास?"

"उघडलं की एदेलमिराबाई, सकाळीच. पाणी गेलं तळ्यात."

"तळ्यात गेलं ते गेलं. उरलेलं कुठंय?"

सेफेरिनोनं गाडी बंद केली. टोपी काढली. "उरत नाही, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे उरतच नाही. उरू नये म्हणूनच तर करतात ठिबक."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले, कारण खरं सांगते, मलाही त्या क्षणापर्यंत हे सुचलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी बोकड खाल्ला होता आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," सेफेरिनो टोपी फिरवत म्हणाला. "तुम्ही तर टाळ्या वाजवत होतात."

त्याच संध्याकाळी ती दार्दोकडे गेली आणि मला बरोबर नेलं. दार्दोला पाहताच कळलं की त्याला आमच्या आधीच उमगलं होतं, पण तेही फार आधी नव्हे. चेहरा उतरला होता त्याचा.

"आत्या, मी तुझं पाणी अडवलेलं नाही."

"अडवलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. महिन्याला एक पाळी सोड ना पूर्वीसारखी."

"पूर्वीसारखं यायला पूर्वीइतकं पाणी पाहिजे गं. डोंगराकडे बघ एकदा. सगळा काळा पडलाय. तुला एक पाळी सोडली तर खालच्या रांगा वाळतील. कुठल्या वाळवू? तुझ्या आजोबांनी लावलेल्या?"

तिनं डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, हक्क तोडून दे. फाउस्तो देत होता ना तेवढा."

"कचेरीत विचारून आलो. आता हक्काचे तुकडे पाडत नाहीत. नवीन नाव तर चढवतच नाहीत. नदीच आटत चाललीय, आत्या, कुणाचं नाव चढवणार?" त्याचा आवाज फाटला. "तू तेव्हा का नाही घेतलंस?"

ती वळली आणि चालू लागली, मी तिच्यामागून. माझ्या दाराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरगं खोटं बोलत नाही. हेच वाईट आहे."

त्या शनिवारी दार्दो काळ्या नळीचं भेंडोळं घेऊन आला आणि तुतीच्या बुंध्याभोवती कडं करून गेला. नियमात बसत नव्हतं, पण सेफेरिनोनं दुसरीकडे तोंड केलं. थेंब पडायला लागले. एदेलमिरानं खुर्ची आणून समोर ठेवली आणि कितीतरी वेळ बघत बसली. त्या तुतीची मुळं बागभर पसरलेली, कुंपणाखालून रस्त्यापर्यंत गेलेली. जन्मभर पुरात उभी राहून प्यायलेलं झाड ते.

"झाडाला सलाईन लावलंय," ती म्हणाली. "यानं श्वास चालतो. जेवण होत नाही."

पहिल्या उन्हाळ्यात गल्ली धावून आली. जिनं नवऱ्यामुलींना बादल्या उचलायला लावल्या होत्या, तिच्यासाठी आता घराघरातून बादल्या निघाल्या. भांड्यांचं पाणी, भाज्या धुतलेलं, पोरांच्या आंघोळीचं. मी परातींचं पिठूळ पाणी न्यायचे. बायका हसत-खिदळत यायच्या, कुणाच्या घरी काय शिजलं ते पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यांवरून ओळखायच्या. एदेलमिरा दारात उभी राहून ओरडायची, "साबणाचं गुलाबाला नको! ए, तुझ्या नवऱ्याचे पाय धुतलेलं जाईला घालू नको, मरेल ती!" मला वाटायला लागलं होतं, निभेल.

निभलं नाही. घरच्या नळाला उन्हाळ्यात सुतासारखी धार, बागेला नळानं पाणी घालायला बंदी. आणि माणसाचा हात तो माणसाचा हात. बागेला लागतं तेवढं पाणी बादल्यांनी कुणी वाहिलंय? दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दोघीच उरलो. तिचे गुडघे सुजायला लागले होते.

पहिली गेली जाई. मग डाळिंबं. जर्दाळूला त्या वर्षी इतकी फळं लागली की फांद्या टेकल्या, बारकी बारकी, नुसती बी आणि साल. मी म्हणाले, "बघ, किती धरलंय!" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

"मरायला टेकलेलं झाड असं करतं, सुले. जाता जाता बी टाकून जातं."

त्या दिवशी तिनं ठरवलं की जे काय पाणी असेल ते तुतीला. भिंतीशी जाऊन गुलाबांना म्हणाली, "तुमचं झालं. रागवू नका." आणि खरोखर त्यानंतर गुलाबाला थेंब दिला नाही. रोज सकाळी ती त्यांच्यासमोरून भरलेली बादली घेऊन जायची आणि मान खाली घालायची. मी ते बघू शकत नसे.

हिवाळा सरता सरता सोंडा वारा सुटला. डोंगरावरून येणारा तो गरम, कोरडा वारा आम्हाला नवीन नाही. खिडक्या लावायच्या, ओली फडकी फटीत कोंबायची, डोकं धरून बसायचं. दुपारी माझ्या घरावरच काहीतरी मोठं कोसळल्यासारखा आवाज झाला. बाहेर पडले तर धुळीत समोरचं काही दिसेना. चाचपडत बागेपाशी गेले, तर एदेलमिरा दारात उभी होती. तुती आडवी झाली होती, टेबल तिच्याखाली. मुळं वर आली नव्हती, बुंधाच कमरेतून मोडला होता, आणि मोडलेल्या जागी आत ओल म्हणून नव्हती.

दार्दो करवत घेऊन आला. खाली बुंधा राहिला गुडघ्याएवढा, तेवढा एदेलमिरानं काढू दिला नाही. लाकडाचं काय करायचं, त्यानं विचारलं.

"सुलेमाच्या भट्टीला दे," ती म्हणाली. "निदान पाव तरी होईल."

मी नको म्हणाले. ती म्हणाली, "मग काय पुजायचंय का त्याला?" मी घेतलं. लाकूड वाळवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीच घातलं भट्टीत आणि धूरसुद्धा झाला नाही. लोक म्हणाले, सुलेमा, काय पाव झालाय या आठवड्यात. मी पाव मोजून दिले आणि आत जाऊन रडले.

मग दार्दोनं वाइनरीच्या दारात ती खडीची बाग केली. आत्याला जपायचं त्याच्या मनात होतं, यात खोट नाही. भिंतीवर तिच्या जुन्या बागेचा मोठा फोटो लावला, तुतीखालच्या टेबलासकट. तिला म्हणाला, "आत्या, तू रोज येऊन बसत जा. लोकांशी बोल. देखरेख कर." ती एक दिवस गेली. चांगला झगा घालून, पावडर लावून गेली. दुपारच्या आतच परत.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याला म्हटलं, सावली कुठंय? म्हणतो, आत्या, सावलीला पाणी लागतं." तिनं बूट काढले, तळवे चोळले. "खरंच बोलतो मेला. नेहमीच खरं बोलतो."

त्यानंतर ती पुन्हा गेली नाही. नळीचं कडं तिनं स्वतः गुंडाळून दार्दोला परत दिलं. बागेत दोरीवर कपडे वाळत घालायची, बाकी काही नाही. फावडं मागच्या खोलीत.

पुढचं घडलं ते ऐन उन्हाळ्यात. गारांचं वादळ आलं, वीज पडली आणि दार्दोचा पंप जळाला. वेलींना घड लागलेले, पाळी दारात आलेली, आणि नवीन पंप यायला अवकाश. तळ्यातलं पाणी नळ्यांत चढेना. दार्दोनं मजूर लावून जुन्या सऱ्या उघडल्या आणि मळा पणजोबांच्या पद्धतीनं भरला, तुडुंब.

मी अंगणात होते. आधी पाटातल्या पानांची सळसळ ऐकू आली. वळून पाहिलं तर काडीकचरा आणि फेस पुढं ढकलत पाणी येत होतं, माझ्या भिंतीखालून, खालच्या बाजूला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर एदेलमिरा फावडं घेऊन कुंपणाशी उभी. तिनं माझ्याआधी ऐकलं होतं.

मी धावत गेले. ती अनवाणी होती, झगा कमरेला खोचलेला. तिनं गुलाबांचं आळं उघडलं. गुलाब म्हणजे भिंतीला चिकटलेल्या काड्या. आळं काठोकाठ भरू दिलं, बुजवलं, जाईकडे वळली. जाईचा नुसता मांडव उरला होता, तारेचा. तिथंही पाणी थांबवलं, भरलं, बुजवलं. मग डाळिंबं, मग अंजिरं. तोच क्रम, एकही चुकवला नाही. जर्दाळूपाशी बांध फुटला तर "आता तरी धर की नीट" म्हणून करवादली आणि चिखल लिंपला.

"एदेलमिरा," मी शेवटी म्हणाले, "कुणाला पाजतेयस गं?"

"पाळी आहे," ती म्हणाली.

तुतीच्या आळ्यात तिनं पाणी सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. बुंध्याच्या भोवती पाणी गरगरलं, बुडबुडे आले, जमीन ढसाढसा पीत राहिली. ती बुंध्यावर बसली, पाय पाण्यात सोडून. हसत होती. लहान मुलीसारखी, तोंडभर. इतक्या वर्षांत असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं आणि त्यानंतर पाहिलं नाही. कुंपणापलीकडे दार्दो येऊन उभा राहिला होता. त्यानं आत्याला हाक मारली नाही, तसाच मागे फिरला. पुढच्या पाळीच्या आत पंप आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी उरलेले पाव द्यायला गेले. बागेतून घराकडे जाताना बुंध्याकडे सहज नजर गेली आणि माझ्या हातातली टोपली पडायची राहिली. बुंध्याला फुटवे आले होते. सालीतून जागोजाग, बोटाएवढे, वर दोन दोन पानं, कोवळी, लकाकणारी.

"एदेलमिरा! अगं बाहेर ये! फुटलीय! जिवंत आहे तुझी थोरली!"

ती दारात आली. हात पुसत होती. "माहीत आहे मला. परवापासून."

"मग बोलली नाहीस? थांब, मी दार्दोला सांगते. नळी आणून लावेल तो आजच."

"लावेल. पोरगं लावेल."

"मग?"

"मग पुन्हा थेंब थेंब."

ती चालत आली आणि बुंध्याशी बसली, दुखऱ्या गुडघ्यांवर, कण्हत. आमच्याकडे वसंतात वेलीच्या खोडावर नको तिथं फूट आली की अंगठ्यानं चोळून काढतात. चार वर्षांची पोरंसुद्धा ते काम करतात, सोपं असतं. एदेलमिरानं पहिल्या फुटव्यावर अंगठा ठेवला आणि चोळला. तो गळून पडला. मग दुसऱ्यावर ठेवला.

मी तिचा हात धरला. "वेडी झालीस का? यासाठी जीव टाकलास ना तू? बादल्या वाहिल्यास!"

"सोड, सुले."

"नाही सोडत."

तिनं हात ओढून घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती, फटकळपणाही नव्हता तोंडावर. "तिला वाटलं पाणी परत आलं," ती म्हणाली. "कुणीतरी सांगायला नको का तिला?"

मी हात सोडला. ती एकेक फुटवा शोधून काढत गेली, हलक्या अंगठ्यानं, सालीला ओरखडा न काढता. मागच्या बाजूचे दोन-तीन तिला वाकून दिसत नव्हते. ते मी काढले.